गिरडला जाताय? आधी मोजे वर ओढा!

पाऊस उघडला की ग्रुपवर 'गिरडला जायचं का?' हा मेसेज पडतोच. शेख फरीद बाबांची टेकडी, व्यापाऱ्याच्या मालाचे झाले म्हणतात ते गोल दगड, मग गवतात बसून डबा आणि क्रिकेट. बॉल जातो तो नेमका झुडपात!

तिथेच जरा जपा. अशा गवता-झुडपांत चिगर माइटच्या अळ्या असतात. आकार मिलिमीटरहूनही कमी, चावलेलं कळतसुद्धा नाही. पण त्यातून 'स्क्रब टायफस' होऊ शकतो. २०१८च्या पावसाळ्यात या तापाने नागपूर परिसरात बळी घेतले होते.

मग घरीच बसायचं? छे! एवढंच करा:

* फुल पँट, फुल बाह्या. पँटचे पाय मोज्यात खोचा. फोटोत भारी नाही दिसणार, चालेल!
* गवतावर थेट बसू नका, सतरंजी न्या. काढलेलं जॅकेट झुडपावर टाकू नका.
* घोट्यांना, हातांना डीट असलेलं रिपेलंट लावा.
* घरी आल्यावर साबणाने अंघोळ, कपडे गरम पाण्यात.

ताप साधारण ६ ते २१ दिवसांनी येतो. तोवर ट्रिप विसरलेली असते, घोळ तिथेच होतो. काखेत, जांघेत, कमरेपाशी काळी खपली आहे का बघा; ती प्रत्येकाला दिसतेच असं नाही. म्हणून ताप आला की डॉक्टरांना झुडपातल्या बॉलचंही सांगा. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं वेळेत मिळाली तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनीपर्यंत जातो.