आवेष्टन, किंमत आणि ग्राहकाचा निर्णय

जाहिरात ग्राहकाच्या मनात वस्तूची प्रतिमा निर्माण करते, तर आवेष्टनाची रचना त्याच्या प्रत्यक्ष निवडीला दिशा देते. बिस्किटांच्या जाहिरातीत व पुड्यावर ५ किंवा १० रुपये ही किंमत अनेकदा ठळक असते. वजन मात्र बारीक अक्षरांत असते. त्यामुळे किंमत तीच ठेवून वजन घटविल्यास दरवाढ सहसा लक्षात येत नाही. १०० ग्रॅमचा पुडा ८० ग्रॅमचा झाल्यास प्रतिग्रॅम दर २५ टक्क्यांनी वाढतो. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मधील २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक वस्तूंवरील प्रमाणित वजनांचे बंधन काढले. त्याचबरोबर एकक विक्री किंमत छापण्याची तरतूद केली. तथापि हा आकडा वाचण्याची सवय वाणिज्याच्या अध्यापनातून रुजली नाही, तर ही तरतूद कागदावरच राहील.