पिवळ्या फुलांची चाळीस वर्षं

मनाच्या दुखण्यावर झाडपाला घेण्याची रीत फार जुनी. अपस्मारावरचं ब्राह्मीघृत चरकसंहितेत आहे, आणि युरोपातही उदास माणसाला कसला ना कसला काढा पाजला जाईच. पण या वनस्पतींना आधुनिक औषधाच्या कसोट्या लागल्या त्या अगदी अलीकडे. माझ्या हिशेबी तो काळ १९८४ साली सुरू होतो. त्या वर्षी पश्चिम जर्मनीत ‘कमिशन ई’ नावाच्या समितीनं सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीवरचा आपला अभिप्राय प्रसिद्ध केला. वनौषधींची छाननी करायला सरकारनं १९७८ मध्येच ही समिती नेमली होती. उदासी, चिंता आणि मनाची अस्वस्थता यांवर दिवसाला २ ते ४ ग्रॅम वाळकी वनस्पती द्यायला हरकत नाही, असं तिनं म्हटलं.

आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ही वनस्पती सहसा दिसत नाही. पश्चिम हिमालयात मात्र ती आपोआप उगवते. कमरेच्या आतबाहेर उंचीचं झुडूप, पाच पाकळ्यांची पिवळीधमक फुलं. पान उजेडासमोर धरलं की सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. ती भोकं नव्हेत, तेलाच्या ग्रंथी असतात. कळी चिमटीत चुरडली तर पिवळ्या फुलातून बोटांना लाल रंग लागतो. हा रंग हायपेरिसिनचा. ही झुडपं भरपूर चरलेल्या मेंढ्यांची कातडी उन्हात भाजून निघते, हे मेंढपाळांना चांगलं ठाऊक होतं. गुण आणि अपाय दोन्ही त्या झुडपात पहिल्यापासून होते. पुढं जे घडलं ते समजून घ्यायला हे लक्षात ठेवायला हवं.

‘कमिशन ई’च्या त्या अभिप्रायाच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये आपल्या रोगनिदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली आणि तिच्यात ‘सोशल फोबिया’ला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं. तोवर अशा माणसाला आपण बुजरा, लाजाळू, भित्रा म्हणून सोडून देत होतो. वर्गात हजेरी देताना ज्याचा आवाज फुटत नाही, बँकेत कोणी बघत असलं की सही करताना ज्याचा हात थरथरतो, पंगतीत ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, नुसता फोन वाजला तरी ज्याच्या छातीत धडधडतं, त्याला आजार आहे आणि त्यावर उपचार आहे, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली. ही भीती दीर्घकाळ वागवणाऱ्यांत नैराश्य पुष्कळ आढळतं. त्यामुळे दोन्हींवर एकच मुळी शोधणारी माणसं मला मुळीच भोळी वाटत नाहीत.

जर्मनीत पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सेंट जॉन्स वर्टचं जे झालं, ते मला या साऱ्या काळातलं सर्वांत शहाणं पान वाटतं. तिथल्या कंपन्यांनी प्रमाणित अर्काच्या गोळ्या बनवल्या. दिवसाकाठी साधारण ९०० मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून. या गोळ्या फॅमिली डॉक्टर लिहून देत आणि खर्च विमा उचलत असे. गुण यायला तीन-चार आठवडे लागत, तेव्हा डॉक्टर पुन्हा बोलावत, झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामावर जाता का, असं विचारत. नव्वदच्या दशकात नैराश्यावर लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत या गोळ्यांनी तिथं फ्लुओक्झेटिनलाही मागं टाकलं. औषध झाडापासून बनलेलं होतं, पण देण्याची पद्धत औषधाचीच होती. घेणारा एकटा नव्हता.

१९९६ मध्ये क्लाउस लिंडे आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. एकूण १,७५७ रुग्ण, बहुतेक सौम्य किंवा मध्यम नैराश्याचे. औषधी द्रव्य नसलेल्या कोऱ्या गोळीपेक्षा हा अर्क सरस ठरला. पुढच्या वर्षी एका अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या गाजलेल्या कार्यक्रमात त्याची गोष्ट दाखवली गेली आणि अमेरिकेतल्या दुकानांत बाटल्यांवर उड्या पडल्या. १९९४ च्या कायद्यानं तिथं अशा वस्तूंना ‘आहारपूरक’ ठरवलं होतं, म्हणजे विकण्याआधी गुण सिद्ध करायची अटच नव्हती. बाटलीवर छापलेलं प्रमाण आणि आतला ऐवज यांत तफावत निघू लागली. माझ्या मते त्याहून मोठा फरक दुसराच होता. जर्मन रुग्ण गोळी घेऊन परत डॉक्टरकडे जात होता. अमेरिकन रुग्ण बाटली घेऊन घरी गेला, तो तिथंच राहिला.

याची किंमत फेब्रुवारी २००० मध्ये कळली. ‘लॅन्सेट’मध्ये एकाच सुमारास दोन टिपणं आली. एकात आठ निरोगी स्वयंसेवकांना इंडिनाविर हे एचआयव्हीवरचं औषध सेंट जॉन्स वर्टच्या जोडीनं दिलं, तेव्हा रक्तातलं औषधाचं एकूण प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलं. दुसरं टिपण झुरिकहून आलं. हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोघांनी ही गोळी सुरू केली, काही आठवड्यांत नवा अवयव टिकवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तातली पातळी खाली आली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. गोळी थांबवल्यावर पातळी सावरली. या झुडपात हायपरफोरिन नावाचं द्रव्य असतं. ते यकृतातली औषधं जाळणारी यंत्रणा जोरात चालू करतं, हे त्याच वर्षी उलगडलं. मग गर्भनिरोधक गोळ्या घेऊनही दिवस राहिल्याच्या नोंदी आल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी होतो हे दिसलं. नैराश्यावरच्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत हा अर्क घेणाऱ्यांना ताप, थरथर, गोंधळलेपण अशी धोक्याची लक्षणं होऊ शकतात, हेही पुढं आलं. आयर्लंडनं तर २००० च्या सुरुवातीपासूनच ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली होती.

‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ हे वाक्य आपल्या घराघरांत म्हटलं जातं. ते प्रेमानं म्हटलं जातं, म्हणूनच ते खोडून काढणं जड जातं. पण ज्याच्यात मनावर परिणाम करण्याची ताकद आहे त्याच्यात यकृतावर, रक्तावर, दुसऱ्या औषधावर परिणाम करण्याचीही ताकद असणारच. आणि जे आपण औषध मानत नाही, ते डॉक्टरला सांगतही नाही. २००० सालचा खरा धडा मला हा वाटतो.

त्यानंतर चाचण्यांची मोठी लाट आली. २००१ मध्ये अमेरिकेत २०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत सेंट जॉन्स वर्ट कोऱ्या गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही. २००२ मध्ये सरकारी खर्चानं झालेल्या चाचणीत ३४० रुग्ण होते आणि तीन गट: एकाला हा अर्क, एकाला सर्ट्रालिन हे मान्यताप्राप्त औषध, एकाला कोरी गोळी. पूर्ण गुण आला तो अर्क घेणाऱ्यांत सुमारे २४ टक्के, सर्ट्रालिन घेणाऱ्यांत २५ टक्के आणि कोरी गोळी घेणाऱ्यांत ३२ टक्के लोकांना. बातमी झाली ती ‘वनौषधी फोल’ एवढीच. सर्ट्रालिनही त्या चाचणीत पुढं जाऊ शकलं नव्हतं, हे मथळ्यांत आलं नाही, आणि हा त्या वनस्पतीवर अन्याय होता असं मी आजही म्हणेन.

मला त्या ३२ टक्क्यांचं जास्त अप्रूप वाटतं. त्यांच्या गोळीत काही नव्हतं. पण ठरलेल्या दिवशी त्यांना कोणी तरी बोलावत होतं, समोर बसवून प्रश्न विचारत होतं, उत्तर लिहून घेत होतं. काही जण आपोआपही बरे झाले असतील, नैराश्याचा भर ओसरतो. तरी त्या विचारपूस करणाऱ्या माणसाला मी हिशेबातून वगळू शकत नाही.

पुढं पारडं पुन्हा फिरलं. २००८ च्या ‘कॉक्रेन’ या एकत्रित आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. अर्क कोऱ्या गोळीपेक्षा चांगला, नेहमीच्या औषधांच्या बरोबरीचा आणि दुष्परिणाम कमी, असा निष्कर्ष निघाला. जर्मनभाषक देशांतल्या चाचण्यांत निकाल जास्त चांगले येतात, ही नोंदही त्यात आहे. त्याचं एक ठरावीक कारण कोणी सिद्ध केलेलं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००९ मध्ये गुणाची शक्यता मान्य केली, पण मात्रा अनिश्चित आणि इतर औषधांशी भांडण, म्हणून डॉक्टरांनी ते सुचवू नये असं बजावलं. कॅनडाच्या तज्ज्ञगटानं २०१६ मध्ये सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी त्याला पहिल्या फळीत बसवलं. पुरावा जवळपास तोच, सल्ले दोन.

आणि चारचौघांतली भीती? तिच्या वाट्याला फार थोडं आलं. २००५ मध्ये सेंट जॉन्स वर्टची एक छोटी चाचणी झाली. ४० रुग्ण, बारा आठवडे. कोऱ्या गोळीत आणि अर्कात फरक दिसला नाही. ४० माणसांवरून शेवटचा शब्द ठरत नाही हे खरं, पण ‘लाजरेपणा घालवणारी वनस्पती’ म्हणून जे विकलं जातं त्याच्या पाठीशी किती कमी आहे हे यावरून कळावं.

या भीतीचा आणि वनौषधीचा एक खास सांधा आहे. नैराश्याच्या माणसाला दवाखान्यात जायचा उत्साह नसतो. या माणसाला दवाखान्याचीच धास्ती असते: बाकावर बसून राहायचं, नाव पुकारलं की सगळ्यांदेखत उठायचं, ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं. न बोलता मिळणारी पुडी किंवा घरपोच येणारी बाटली त्याला नेमकी त्या प्रसंगातून सोडवते. त्याला मी दोष देणार नाही. पण त्याचा आजार टाळण्यावरच पोसला जातो. जे टाळतो ते पायरीपायरीनं, कोणाच्या सोबतीनं करून बघणं, हाच या भीतीवरचा सर्वांत पारखलेला उपचार आहे. बाटली त्या पहिल्या पायरीवरूनच त्याला परत पाठवते.

कावाच्या बाबतीत हे फार ठळक दिसतं. कावा हा आपल्या नागवेलीचा आणि काळ्या मिरीचा सगोत्र. वानुआतू, फिजी, टोंगा, सामोआ या बेटांवर त्याची मुळं कुटून, पाण्यात कालवून, गाळून संध्याकाळी पितात. वानुआतूत नारळाच्या करवंटीतून. जीभ बधिरते, अंग सैलावतं, गप्पा हलक्या आवाजात चालतात. हे पेय बैठकीचं आहे, माणसांमध्ये बसून घ्यायचं. युरोपानं त्याचा अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरला आणि चिंतेवर एकट्यानं गिळायला दिला. १९९० मध्ये ‘कमिशन ई’नं त्यालाही पसंती दिली होती, काही चाचण्या चांगल्या आल्या. मग यकृत निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि जून २००२ मध्ये जर्मनीनं परवाने काढून घेतले. बेटांवरच्या शेतकऱ्यांची मोठी बाजारपेठ बुडाली. २०१४ मध्ये जर्मन न्यायालयानं ती बंदी चुकीची ठरवली. पण २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १७१ रुग्णांच्या, सोळा आठवड्यांच्या चाचणीत सततच्या चिंतेवर कावाचा उपयोग दिसला नाही, उलट यकृताच्या तपासण्या बिघडण्याचं प्रमाण कावा घेणाऱ्यांत जास्त निघालं.

आपल्याकडे आज हीच जागा अश्वगंधेनं घेतली आहे. आस्कंद म्हणून आजीच्या पिढीला ती माहीत होती: बाळंतपणानंतर, अशक्तपणात, दुधातून, वैद्य सांगतील तितके दिवस. २०१२ मध्ये भारतातल्या ६४ ताणग्रस्त लोकांना साठ दिवस, रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा ताणाचे गुणांक बरेच उतरले. नंतरच्या काही छोट्या चाचण्यांचाही कल तसाच आहे. ताणाबद्दल ही आशा रास्त आहे. नैराश्यावर किंवा सामाजिक भीतीवर ती एकटी पुरते, असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. कोरोनाच्या काळात ती घराघरांत पोचली, आता गमीच्या रूपात, आकर्षक बाटलीत, रील बघता बघता मागवता येते. २०२० पासून तिच्याशी जोडलेल्या काविळीच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत, २०२३ मध्ये केरळातल्या यकृततज्ज्ञांनीही अशा रुग्णांची माहिती छापली. त्याच वर्षी डेन्मार्कनं तिच्यावर बंदी घातली. बंदीचा मार्ग मला पटत नाही. पण डोळे पिवळे झाले तर बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, एवढं तरी त्या बाटलीवर ठळक मराठीत छापायला काय हरकत आहे? थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती परस्पर घेऊ नये, हेही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये दाखवलं की नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्यातले कितीतरी जण आज काही ना काही चूर्ण, काढा, गोळी घेत असतील, आणि ते कुणालाच माहीत नसेल. आपल्या दवाखान्यांत केसपेपरवर बीपी, साखर, ॲलर्जी लिहिली जाते. ‘आणखी काय घेता?’ एवढा प्रश्न, रागावल्याचा सूर न लावता, प्रत्येकाला विचारला जावा. बुजऱ्या माणसानं बाटलीसकट जावं. आधीपासून नैराश्याची गोळी चालू असेल तर तीही मनानं बंद करू नये आणि तिच्या जोडीला दुसरं काही चालूही करू नये.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं, बाकावर बसावं लागत नाही. फोनचीही भीती वाटत असेल तर दवाखान्यात जाताना चिठ्ठी लिहून न्यावी. मानसोपचारतज्ज्ञ असो वा वैद्य, चिठ्ठी पुढं केली तर कोणी हसत नाही. झोप कशी लागते, कुठं जाणं टाळता, कोणतं चूर्ण किती दिवस घेताय, मरणाचे विचार येतात का: एवढं तिच्यात असलं तरी पहिल्या भेटीचं निम्मं बोलणं झालेलं असतं.