नंदादेवी

गढवाल हिमालयातील विख्यात शिखर. उंची ७,८१६ मी. ते उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यात उ. अक्षांश ३०° २२′ व पू. रेखांश ७९° ५८′ वर आहे. नंदा ही गढवाल व कुमाऊँ या दोन्ही प्रदेशांची आराध्य देवता असून तिच्यावरूनच शिखरास हे नाव पडले आहे. गिर्यारोहणाच्या इतिहासात प्रत्यक्ष चढाईइतकाच पायथ्यापर्यंतचा प्रवासही बिकट असलेले शिखर म्हणून ते प्रसिद्ध आहे.

शिखराभोवती सु. ११० किमी. परिघाचा उत्तुंग पर्वततट असून त्याला केवळ पश्चिमेस ऋषिगंगेच्या अरुंद घळईचे खिंडार आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहॅम (१८८३) व पुढे ह्यू रटलेज यांचे आत शिरण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले; टॉम लाँगस्टाफ यांनी १९०५ मध्ये तटावरून आतील प्रदेशाचे केवळ दर्शन घेतले. १९३४ मध्ये एरिक शिप्टन व एच. डब्ल्यू. टिलमन यांनी आंग थारके, पासांग व कुसांग या तीन शेर्पांसह ही घळई प्रथमच पार केली. माणसे मोजकी व सामान अल्प असल्याने कड्यांवरील निरुंद वाटांनी ओझी टप्प्याटप्प्याने पुढे नेणे त्यांना शक्य झाले.

हीच पद्धत १९३६ च्या ब्रिटिश–अमेरिकन मोहिमेने अनुसरली. वाटेत अनेक हमाल परत फिरल्याने सदस्यांना स्वतः ओझी वाहावी लागली. शेवटच्या छावणीत डबाबंद मांसामुळे चार्ल्स ह्यूस्टन आजारी पडले. त्यांची जागा टिलमन यांनी घेतली. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन व नोएल ओडेल माथ्यावर पोहोचले. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत मानवाने सर केलेले हेच सर्वोच्च शिखर होते. नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेने १९६४ मध्ये ते सर केले.

चीनच्या अण्वस्त्रचाचण्यांचा मागोवा घेण्यासाठी १९६५ मध्ये भारत–अमेरिकेच्या संयुक्त पथकाने शिखरावर प्लुटोनियमवर चालणारे उपकरण बसविण्याचा प्रयत्न केला. हवामान बिघडल्याने ते वाटेतच ठेवावे लागले व पुढील वर्षीच्या शोधात सापडले नाही.

१९७४ मध्ये परदेशी गिर्यारोहकांना हा प्रदेश खुला झाला आणि मोहिमांची गर्दी वाढली. लाता गावाहून लाताखरक, धरांसी व दिब्रूघेटीमार्गे जाणाऱ्या वाटेवर जळणासाठी वृक्षतोड झाली, कचरा साचला, वन्य प्राण्यांची शिकार झाली. परिणामी १९८२ मध्ये हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्यात आले आणि पुढे आतील भागात गिर्यारोहण व गुरेचराई यांवर बंदी आली. १९८८ मध्ये उद्यानाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १९९३ मध्ये भूसेनेच्या अभियंत्यांच्या मोहिमेने तेथील कचरा बाहेर आणला.

बंदीमुळे निसर्ग सावरू लागला. तथापि चराऊ कुरणे व भारवहनाची मजुरी हे भोटिया ग्रामस्थांचे उत्पन्नाचे मार्ग खुंटले. १९७४ मध्ये चिपको आंदोलनात रेणी गावच्या स्त्रियांनी याच खोऱ्यातील जंगल वाचविले होते. संवर्धनाचा सर्वाधिक भार मात्र अशा गावांवरच पडला. १९९८ मध्ये लाता येथील ग्रामस्थांनी आपल्या पारंपरिक हक्कांसाठी आंदोलन केले. पुढे बाह्य भागातील वाट मर्यादित पदभ्रमणासाठी खुली करण्यात आली. जंगलाचे रक्षण आणि त्यावर जगणाऱ्यांचे हक्क यांचा मेळ कसा घालावा, हा येथील मूळ प्रश्न होय.