शिखरावरून आलेली हाक

पाठीवर छोटा संच, बॅटरी आणि तारेची एरियल घेऊन डोंगर चढायचा आणि माथ्यावरून दूरच्या अनोळखी माणसाशी बोलायचे, हा हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजेच 'हॅम' मंडळींचा छंद. 2 मार्च 2002 रोजी इंग्लंड व वेल्समध्ये त्याला नियमबद्ध रूप आले. वाहनातून बोलायचे नाही. गुण हवे असतील तर किमान चार संपर्क साधायचे.

डोंगरच कशाला? हातातल्या लहान संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईवरून मात्र तोच संच दूरवर ऐकू जातो.

हा नुसता खेळ नाही. 26 जानेवारी 2001 रोजी भूजच्या भूकंपात दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले.

आम्हाला मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. आपल्याकडे माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात आणि त्यावरून जात हुडकतात. रेडिओवर हाक मारायची ती 'व्हीयू'सारख्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेतनामाने. ते जन्माने मिळत नाही, केंद्र सरकारची परीक्षा देऊन कमवावे लागते. बारा वर्षांवरील मुलामुलींना ती देता येते. परवान्याविना मात्र संच चालवू नये.

आपल्या विहारांत अभ्यासवर्ग भरतात. त्यांत आठवड्याचा एक तास या विषयाला द्यावा, अशी आमची समाजबांधवांना विनंती आहे. आपल्या लेकींचाही आवाज शिखरावरून घुमू द्या.