दगडू, नथू, सोपानदेव: खानदेशातल्या नावांची घडण

मेहरूण, असोदे, भादली या जळगावच्या परिसरातल्या गावांत दोन-तीन पिढ्यांमागे दगडू, धोंडू, नथू, भिका, उखर्डू ही नावं नेहमीची होती. आज ती अडाणी वाटतात. पण इतक्या काळजीने ठेवलेली नावं क्वचितच सापडतील. आधीची मुलं दगावली, की पुढच्याला मुद्दाम हलकं नाव दिलं जाई. दृष्ट लागावी, मृत्यूला हाव सुटावी असं त्यात काही दिसू नये, हा हेतू. दगड टिकतो आणि कुणालाही नको असतो, म्हणून दगडू, धोंडू. उखर्डू उकिरड्यावरचा, भिका भीक मागून मिळालेला. नथूचं नाक टोचून त्यात नथ घालत. तो मुलगी समजला जावा म्हणून. मुलीकडे मृत्यूही वळून बघत नाही, हे त्यामागचं गृहीतक मात्र कडवट आहे.

‘नकोशी’ हे नाव या पंगतीत बसत नाही. दगडू हवा असतो म्हणून दगडू होतो; नकोशी खरोखरच नको असते. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींचं नव्याने नामकरण करण्यात आलं.

भीतीच्या जोडीला भक्तीही होती. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या घरात दोन्ही एकत्र दिसतात. पतीचं नाव नथुजी, सासऱ्यांचं खंडेराव, म्हणजे खंडोबाचंच. मुलं ओंकार, सोपानदेव आणि काशी. त्यातलं सोपानदेव हे थेट ज्ञानेश्वरांच्या भावाचं. त्यांच्या बहिणीचं, मुक्ताबाईंचं स्थान याच जिल्ह्यात, तापीकाठच्या कोथळी-मेहूण परिसरात असल्याने निवृत्ती, सोपान, मुक्ता ही नावं इथे पोथीतून नव्हे, वारीतून आली. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांच्या आद्याक्षरांत नामदेव आणि धोंडो शेजारी शेजारी आहेत: मुलगा संताचा, बाप दगडाचा.

शास्त्राची वाट वेगळी. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. गृह्यसूत्रांनी मुलाच्या नावात सम आणि मुलीच्या नावात विषम अक्षरं सांगितली. मनुस्मृतीने मुलीचं नाव उच्चाराला सोपं आणि दीर्घ स्वरान्त असावं म्हटलं. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून एकशे आठ आद्याक्षरं. त्यावरून नावरास नाव निघतं. ते पत्रिकेत राहतं, आणि बारशाला आत्या कानात कुर्र करून सांगते ते नाव पुढे गावात चालतं. शेतकरी घरांत तेही मागे पडून आबा, नाना, जिभाऊच उरतं.

एका माणसाला दोन नावं, हा प्रकार बंगालात तर रीतसर आहे. ‘भालो नाम’ शाळा-कचेरीसाठी, ‘डाक नाम’ घरासाठी. भालो नाम बहुधा संस्कृत आणि भारदस्त असतं. अमर्त्य सेन यांचं नाव रवींद्रनाथ टागोरांनी सुचवलेलं. डाक नामाला अर्थ असलाच पाहिजे असं नाही. मराठीतल्या ‘व’च्या जागी बंगालीत ‘ब’ येत असल्याने आपला विमल तिकडे बिमल होतो, पण मूळ एकच.

आडनावांत दोन्ही प्रदेश आणखी जवळ येतात. खानदेशातले पाटील, देशमुख, महाजन, चौधरी हे मुळात हुद्दे किंवा मान. बंगालातले मजुमदार, सरकार, चौधरीही तसेच. त्यामुळे चौधरी या आडनावावरून जात किंवा प्रांत ओळखायला गेलेला माणूस फसतो. लेवा पाटीदार समाजातली नेमाडे, कोल्हे, बोंडे, भंगाळे ही आडनावं अधिक नेमकी: ती ऐकली की जळगाव जिल्ह्याचा पूर्व भाग डोळ्यांपुढे येतो.

नव्या पिढीत आरव, स्वरा, अन्वी ही नावं आली. ती गोड आहेत, पण त्यांवरून गाव, कुलदैवत किंवा घरातलं दुःख यातलं काहीच कळत नाही. बदल मधल्या नावातही झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे.