परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मेंदूचं ऐका

शिष्यवृत्ती परीक्षा उद्यावर आली की आई सूत्रं म्हणवून घेते, बाबा वर्ग-घनांचा तक्ता पुढे सरकवतात आणि रात्रीचे अकरा वाजले तरी मूल गाईडची पानं उलटत बसतं. ‘एवढं वाच आणि झोप’ असं म्हणता म्हणता झोप लांबतच जाते. या शेवटच्या वाचनाचा खरंच किती उपयोग होतो?

थोडा होतो, आणि फसगतही तिथेच होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

कारण सोपं आहे. तेच पान पुन्हा पाहिलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘हे येतं मला’ असा भास होतो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. आठवण्यासाठी मेंदूला शोध घ्यावा लागतो, आणि ज्या वाटेने तो शोध घेतो ती वाट त्यामुळे पक्की होते. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. समोर चार पर्याय असतात आणि चुकीचे पर्यायही ओळखीचे वाटतील असेच रचलेले असतात. नुसती ओळख असलेलं मूल नेमकं तिथे अडकतं.

विस्मरणाचाही एक नियम आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मांडले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर हा वेग मंदावतो. म्हणून एकाच रात्री चार तास घोकण्यापेक्षा तेच चार तास आठवडाभरात विभागलेले केव्हाही चांगले.

मग शेवटच्या दिवशी काय करायचं? नवा घटक उघडायचा नाही. एखादी छोटी सराव प्रश्नपत्रिका पुस्तक मिटून सोडवायची. जे चुकलं तेवढंच पाहायचं, आणि तासाभराने तेच पुन्हा न बघता सांगायचं. मग दप्तर भरून झोपायचं.

झोपेत वेळ वाया जात नाही. दिवसभरात शिकलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नोंदलं जातं. गाढ झोपेत त्या नोंदींची उजळणी होते आणि त्या टिकाऊ स्मृतीत जाऊ लागतात. लॉस एंजेलिसमधील ५३५ शाळकरी मुलांच्या रोजनिशी तपासणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झोप कमी करून जास्त अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातलं न समजण्याचं आणि चाचणीत अडखळण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप लागते, अशी झोपतज्ज्ञांची शिफारस आहे.

उरते धास्ती. आकडेमोड करताना मधली उत्तरं डोक्यात धरून ठेवणारी स्मृती फार तोकडी असते, आणि काळजी तिचीच जागा अडवते. म्हणून येणारं गणितही चुकतं. परीक्षेपूर्वी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहिल्याने घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले, असं शिकागो विद्यापीठातील संशोधकांना २०११ मध्ये दिसलं होतं. पुढे सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम आढळला नाही, पण करून पाहण्यात तोटाही नाही.

पालकांनो, आदल्या रात्री मुलांकडून आणखी चार पानं वाचून घेण्याचा मोह टाळा. प्रवेशपत्र आणि पेन नीट ठेवलं आहे ना, एवढंच विचारा आणि दिवा मालवा. वर्षभर केलेल्या अभ्यासाला शेवटची मदत झोपेचीच होते.