टेप दोनदा लागते

पनवेलच्या एसटी स्टँडवर गाडी लागली की आपण गुडघा उचलतो आणि पहिल्या पायरीवर चढतो. चार फूट उंचीच्या माणसाला तीच पायरी मांडीपर्यंत येते. दांडा धरायचा, पिशवी आत ढकलायची, अंग वर ओढायचं. तेवढ्यात मागून कुणीतरी ‘बुटक्या, आटप’ म्हणतंच. तिकीट खिडकीवर तेच, एटीएमवर तेच. त्याची उंची दिवसभर मोजली जाते.

भालाफेकीच्या मैदानावर ती एकदाच मोजतात. पॅरा-अ‍ॅथलेटिक्समध्ये कमी उंचीच्या फेकपटूंसाठी एफ-४० आणि एफ-४१ हे दोन गट आहेत. पुरुषांच्या एफ-४१ मध्ये उंची १४५ सेंटिमीटरपर्यंत, हाताची लांबी ६६ पर्यंत आणि दोन्हींची बेरीज २०० पर्यंत चालते. एफ-४० मध्ये हेच आकडे १३०, ५९ आणि १८०.

हात कशाला मोजायचा? गोफण आठवा. दोरी लांब, तर दगड जोरात. भाला सुटताना फूट-दीड फूट खालून सुटला, तर अंतरही साधारण तेवढंच घटतं. पण सुटण्याचा वेग दहा टक्क्यांनी कमी झाला, तर अंतर जवळपास वीस टक्क्यांनी पडतं. आखूड हाताचा खरा फटका इथे बसतो. तो भरून काढायचा तो धावेतून, कमरेच्या झटक्यातून आणि खांद्यातून.

पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावचा नवदीप सिंग हे कसब कमावून बसला आहे. उंची चार फूट चार इंच. भाला ६०० ग्रॅमचा, पण लांबी २.२० मीटरच्या वर, म्हणजे त्याच्या दीडपटीहून जास्त. टोक जरा जादा वर गेलं की शेपूट जमिनीकडे झुकते. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ४०.८० मीटरवर तो चौथा आला, पदक हुकलं. ७ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसमध्ये पहिली फेक फाऊल, दुसरी ४६.३९, तिसरी ४७.३२. इराणच्या सादेग बेत सायाहने ४७.६४ टाकून त्याला मागे सारलं. पण आक्षेपार्ह झेंडा दाखवल्याबद्दल तो बाद झाला आणि सुवर्ण नवदीपकडे आलं. सोनं नियमाने दिलं, हे खरं. पण टोकियोपासूनचे वाढलेले साडेसहा मीटर त्याचे स्वतःचे होते.

अशा वेळी ‘मूर्ती लहान, पण कीर्ती महान’ ही म्हण हमखास बाहेर येते. कौतुक म्हणून ठीक. पण त्यातही आधी मूर्तीच मोजलेली असते.

कायद्याची टेप आणखी वेगळी. १९९५ च्या कायद्यात शारीरिक वाढ खुंटलेल्यांची स्वतंत्र नोंदच नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती केली आणि १४७ सेंटिमीटरची रेघ आखली. म्हणजे वाढ खुंटलेल्या, १४६ सेंटिमीटरच्या पनवेलकर तरुणाला कायदा दिव्यांग मानेल, एफ-४१ मात्र त्याला घेणार नाही. १४० चा असून हात लांब निघाला, तरी तेच. प्रशिक्षकाने भाला हातात देण्याआधी टेप लावलेली बरी.

गट ठरला की ती टेप गुंडाळून ठेवतात. पुढे मैदानावर उलगडते ती दुसरी, भाला जिथे रुतला तिथपर्यंतची. एसटी स्टँडवर अजून पहिलीच गुंडाळलेली नाही.